कवळाण्याचा गोपाळ आणि राजवाड्यातील शाळा

वडोदरा रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडील दारातून बाहेर पडणारा प्रवासी थेट सयाजीगंजात येतो. रिक्षांची गर्दी आणि हॉटेलांच्या पाट्या ओलांडल्या की जुन्या बडोदा कॉलेजचा भव्य घुमट दिसू लागतो. थोडे पुढे विश्वामित्रीच्या काठची सयाजीबाग लागते. बागेजवळच्या चौकात घोड्यावर बसलेल्या महाराजांचा पुतळा आहे. सारे शहर त्या जागेला काळा घोडा म्हणूनच ओळखते. ब्रिटिश शिल्पकार डर्वेंट वुड यांनी घडवलेल्या त्या पुतळ्यातील पुरुष ताठ, गंभीर आणि आत्मविश्वासाने भरलेला आहे. पेठेला, बागेला आणि पलीकडच्या विद्यापीठाला नाव मिळाले ते त्याचेच.

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यावी लागत नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, भीमराव आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, मराठी ग्रंथकारांना दिलेला आश्रय, या साऱ्याची उजळणी दरवर्षी होते. त्या मानाने त्यांच्या आयुष्यातील बारा ते अठरा ही सहा वर्षे चरित्रांतून घाईने उरकली जातात. एका खेड्यातून उचलून राजवाड्यात आणलेले, अक्षरांशी अनोळखी, मितभाषी मूल चारचौघांत वावरायला कसे शिकले, त्याची कथा याच सहा वर्षांत दडलेली आहे. वर्गाच्या कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलाची काळजी करणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना महाराजांच्या पुढील पराक्रमांपेक्षा ही वर्षे अधिक जवळची वाटतील.

शेतातून गादीवर

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव परिसरात कवळाणे नावाचे लहानसे गाव आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत होती. राजवैभवाशी तिचा संबंध केवळ आडनावापुरता उरला होता. या शाखेतील काशीराव गायकवाड आणि उमाबाई यांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळचा जन्म झाला. शेत, गुरे, ओढा, भावंडे आणि गावातील सवंगडी एवढेच त्याचे जग होते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत लिहिण्यावाचण्याशी त्याचा संबंध जवळजवळ आला नव्हता.

इकडे बडोद्यात मोठी उलथापालथ झाली होती. खंडेराव महाराजांचे १८७० मध्ये निधन झाल्यावर त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हाररावांवर ठेवण्यात आला. चौकशी आयोगाचे एकमत झाले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणास्तव त्यांना पदच्युत करण्यात आले. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि घराण्याच्या दूरच्या शाखांमध्ये योग्य मुलाचा शोध सुरू झाला. तो शोध कवळाण्यापर्यंत पोहोचला.

निवडीसाठी बडोद्यास आणलेल्या मुलांत गोपाळ, त्याचा धाकटा भाऊ संपतराव आणि चुलत भाऊ दादासाहेब हे होते. या निवडीची एक आख्यायिका आजही सांगितली जाते. येथे कशासाठी आलात, असे प्रत्येकाला विचारण्यात आले. इतरांनी बाळबोध उत्तरे दिली. गोपाळने मात्र आपण राज्य करायला आलो आहोत असे न अडखळता सांगितले. आख्यायिकेत खरे किती आणि नंतर चढवलेला मुलामा किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यात थोडेही तथ्य असेल, तर गावाहून नुकताच आलेला हा मुलगा मुळात भिडस्त नव्हता. नव्या, भव्य वास्तूत, अनोळखी मोठ्या माणसांसमोर तो तोंड उघडू शकत होता. पुढे घडले ते समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

२७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. गोपाळचा सयाजीराव झाला.

एका दिवसात काय काय गेले

दत्तक जाणे हा विधी काही तासांत पुरा होतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर त्या काही तासांत त्याचे नाव बदलले, आई बदलली, घर बदलले, कपडे बदलले, जेवणाची रीत बदलली. कालपर्यंत ज्या भावांशी कुस्ती खेळावी त्यांनीच आज मुजरा करावा, अशी स्थिती झाली. भाषाही बदलली. कवळाण्याची ग्रामीण बोली बोलणाऱ्या मुलाभोवती आता दरबारी मराठी होती, शहरात गुजराती होती, आणि ज्यांच्या मर्जीवर गादी टिकायची त्या साहेबांची इंग्रजी होती. बोलताना चूक झाली तर हसणारे अनेक होते. मनमोकळे बोलावे असे फार थोडे.

त्यातच या मुलाला लगेच मोठ्या समारंभांत उभे करण्यात आले. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानात आले. त्यांच्या स्वागतासाठी मुंबईस जमलेल्या संस्थानिकांत बडोद्याचा हा बारा वर्षांचा राजा जडजवाहीर अंगावर घेऊन उभा होता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबारातही त्याला हजर राहावे लागले. वय वर्षे तेरा. असे प्रसंग मुलाला पाहुण्यांसमोर न हलता उभे राहायला शिकवतात. समवयस्कांशी बोलणे, भांडणे, समेट करणे, हरल्यावर हसणे हे त्यांतून येत नाही.

निवडीच्या वेळी धीटपणे उत्तर देणारा मुलगा राजवाड्याच्या वर्गात बसला तेव्हा मात्र चित्र पालटले. आरंभी त्याची प्रगती इतकी संथ होती की तो मंदबुद्धीचा असल्याचा शेरा पडला. बुद्धी मे महिन्यात होती आणि डिसेंबरात नाहीशी झाली, असे होत नाही. मुलाभोवतालचे सगळे ओळखीचे जग काढून घेतले की बोलके मूलही आत वळते, ही गोष्ट आज बालमानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकातील राजदरबाराकडून ती जाण अपेक्षिता येत नव्हती. म्हणूनच बडोद्याने नंतर जे केले ते अधिक लक्षणीय ठरते.

या शिक्षणावर बरेच काही अवलंबून होते. राजा अल्पवयीन असल्याने कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता आणि वर ब्रिटिश सरकारची नजर होती. एका गायकवाडाला नुकतेच पदच्युत करण्यात आले होते. त्याच्या जागी आणलेला मुलगा कारभारास नालायक ठरता, तर संस्थानाला उरलेली स्वायत्तताही धोक्यात आली असती. गप्प बसणाऱ्या एका मुलाच्या वहीवर वीस लाखांहून अधिक लोकांच्या राज्याचे भवितव्य टांगलेले होते.

इलियटची शाळा

आरंभी व्यंकटेश जोशी ऊर्फ भाऊ मास्तर आणि केशवराव पंडित यांनी मुलाला अक्षरओळख करून दिली. डिसेंबर १८७५ मध्ये एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. राजपुत्राला महालातील एका दालनात एकट्याने शिकवावे, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, ही त्या काळची रूढ पद्धत होती. बडोद्यात ती मोडली गेली. महाराजांसाठी एक छोटी शाळाच उभी राहिली. तिच्यात त्यांचे भाऊबंद होते आणि काही सरदारपुत्रही होते.

हा निर्णय सयाजीरावांच्या घडणीत फार मोलाचा ठरला असे म्हणावे लागते. कवळाण्याहून आलेल्या मुलाला वर्गात शेजारी कवळाण्याचीच माणसे मिळाली. धाकटा संपतराव शेजारी असताना चूक करण्याची भीती निम्मी होते. आपल्यापेक्षा लहान असलेल्यासमोर मूल अधिक मोकळेपणाने बोलते, त्याला काही दाखवते, समजावते, प्रसंगी दटावतेही. महालातही असेच एक धाकटे माणूस होते. खंडेरावांच्या निधनानंतर १८७१ मध्ये जन्मलेली जमनाबाईंची कन्या ताराबाई आता नात्याने सयाजीरावांची बहीण झाली होती. हीच ताराबाई पुढे आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानात रघुनाथराव सावंत भोसले यांची राणी म्हणून आली.

धाकट्या सोबत्याचा हा उपयोग पुढे शास्त्रीय कसोटीवरही तपासला गेला. १९७९ मध्ये फर्मन, राहे आणि हार्टप या अमेरिकी संशोधकांनी इतरांत न मिसळणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशा प्रत्येक मुलाला एका जोडीदाराबरोबर खेळण्याची दहा सत्रे देण्यात आली. काहींचा जोडीदार समवयस्क होता, काहींचा वयाने लहान. खेळ संपल्यावर वर्गातील वागणे पाहिले, तेव्हा ज्यांना धाकटा जोडीदार मिळाला होता ती मुले सर्वांत अधिक खुलली होती. मोठ्या गटात सतत मागे राहणाऱ्या मुलाला लहान सोबत्याबरोबर पुढाकार घेण्याची संधी मिळते, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. बालवाडीतील मुलांचा निष्कर्ष बारा वर्षांच्या राजाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही बडोद्याच्या त्या वर्गात भावंडांना सोबत ठेवण्यामागचे शहाणपण त्यावरून कळते.

शाळेचा दिनक्रम आखीव होता. सकाळी तालीम, व्यायाम आणि घोडदौड, दिवसा वर्ग, संध्याकाळी पुन्हा खेळ. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. लिपी आणि व्याकरण यांत अडखळणारा हा मुलगा आखाड्यात मात्र अडखळत नव्हता. कुस्तीची आवड त्याने गावाहूनच आणली होती. तालमीत बोलावे लागत नाही. तरी समोरच्याचा अंदाज घ्यावा लागतो, नियम पाळावा लागतो, पडल्यावर उठून हात मिळवावा लागतो. मुलाला जे आधीच चांगले येते त्याला वेळापत्रकात मानाची जागा दिली, की जे येत नाही तेथेही तो हळूहळू हात घालू लागतो. इलियट यांनी हा क्रम जाणूनबुजून लावला होता की तो राजपुत्रांच्या शिक्षणाच्या रूढीचा भाग होता, यापेक्षा परिणाम महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या वर्षाचा निराशाजनक शेरा अखेरचा मानला गेला नाही. मुलगा सावकाश शिकतो, पण शिकलेले सोडत नाही, कंटाळत नाही, शिस्त मोडत नाही, हे शिक्षकांच्या लक्षात येत गेले. सहा वर्षे तोच शिक्षक राहिला, तोच वर्ग राहिला. दर वर्षी नव्या माणसाशी नव्याने ओळख करण्याचा ताण मुलावर आला नाही. गुरुशिष्यांचे हे नाते शाळेबरोबर संपलेही नाही. इलियट पुढे बडोद्याच्याच सेवेत राहिले, संस्थानच्या जमीन मोजणीचे आणि आकारणीचे मोठे काम त्यांनी केले, आणि गायकवाड घराण्याचा इतिहासही इंग्रजीत लिहिला.

शेवटच्या टप्प्यात, १८८१ मध्ये, टी. माधवरावांनी तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. सल्लागार कसे पारखावेत, राजाने कोणाशी कसे वागावे, प्रजेचे सुख म्हणजे काय, असे विषय त्यांत होते. ही व्याख्याने पुढे मायनर हिंट्स या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांच्याकडे सामाजिक वर्तनाचे पद्धतशीर पाठ म्हणूनही पाहता येते. माणसांत कसे वावरावे हे मुलाला आपोआप येते असे माधवरावांनी गृहीत धरले नाही. गणितासारखेच तेही पायरीपायरीने शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. त्यानंतर लवकरच त्यांनी संस्थानच्या प्रांतांचे दौरे सुरू केले. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली, कचेऱ्या तपासल्या, शाळा पाहिल्या. ते फर्डे वक्ते झाले नाहीत. मितभाषीच राहिले. पण ऐकणे, विचारणे आणि नेमके बोलणे त्यांना साधले होते.

प्रत्येक मुलाला शाळा

स्वतः बाराव्या वर्षी शाळेचे तोंड पाहिलेल्या या राजाने पुढे जे केले ते सर्वश्रुत आहे. १८९३ मध्ये अमरेली भागातील निवडक गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा प्रयोग झाला. तो अनुभव जमेस धरून १९०६ मध्ये कायदा साऱ्या राज्याला लागू झाला. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली त्याच्या कक्षेत आल्या. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखले अशा कायद्यासाठी झगडत होते तेव्हा बडोद्यात तो अमलात आला होता.

या कायद्याचा एक परिणाम आकड्यांत सहसा मोजला जात नाही. शेतात, गोठ्यात किंवा माजघरात एकट्याने वाढणारी मुले त्यामुळे प्रथमच दररोज काही तास इतर मुलांबरोबर बसू लागली. घराबाहेरच्या माणसाशी बोलण्याची वेळ अनेक मुलींवर आयुष्यात पहिल्यांदाच आली असणार.

शाळेच्या जोडीला पुस्तके आणि खेळही आले. अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जाऊ लागली. श्री सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी सोप्या भाषेतील पुस्तके निघाली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश हाही बडोद्याचाच. देशी खेळ आणि व्यायामप्रकार यांचा इतका मोठा संग्रह मराठीत क्वचितच झाला असेल. बडोद्यात राजपुत्रांना शिकवणारे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पाठांची तयारी करता करता रियासतींचे लेखन हाती घेतले आणि महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणून ओळखू लागला.

गोमंतकाचाही या औदार्यात वाटा आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत भटकले, पाली शिकून परतले. महाराष्ट्रात राहून काम करावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे, एवढ्या अटीवर सयाजीरावांनी त्यांना महिना पन्नास रुपयांचे साहाय्य तीन वर्षांसाठी दिले. एकट्याने वाट काढणाऱ्या माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे काम करू देण्याची ही रीत होती.

गप्प राहणारे आणि गप्प ठेवलेले

मूल इतरांत मिसळत नाही याची कारणे दोन प्रकारची असतात. काही मुले स्वभावाने किंवा परिस्थितीने आत वळलेली असतात. काहींना इतर जवळ येऊच देत नाहीत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. उपाय मात्र निराळे लागतात. सयाजीरावांच्या राज्यात दुसरा प्रकार मोठ्या प्रमाणावर होता.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी संस्थानाने १८८० च्या दशकात स्वतंत्र शाळा काढल्या. तेथे शिकवण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजी पंडित आत्माराम यांच्याकडे या शाळांची देखरेख आली. मुले शिकू लागली, वसतिगृहात राहू लागली. पण शेजारच्या शाळेतील मुलांबरोबर त्यांचा खेळ होत नव्हता. अक्षर आले, सोबत आली नाही.

याची सर्वांत बोचरी साक्ष सयाजीगंजालगतच्या बागेनेच दिली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी १९१७ मध्ये बडोद्यास आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद टाकीत. राहायला जागा मिळेना. ज्या पारशी उतारशाळेत ते नाव लपवून राहिले तेथून त्यांना हाकलण्यात आले. त्या दिवशी ते सयाजीबागेत एका झाडाखाली तासन्‌तास बसून राहिले आणि मुंबईस परतले. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. जगातील एका नामवंत विद्यापीठात समवयस्कांत सहज वावरलेला हा तरुण बडोद्यात एकटा पडला. संवादाचे कौशल्य त्याच्याकडे भरपूर होते; शिकण्याची गरज भोवतालच्यांना होती. महाराजांची इच्छा असूनही त्यांच्या राजधानीत त्याला एक खोली मिळू शकली नाही.

शिक्षकाने हा भेद ओळखणे अगत्याचे आहे. एखादे मूल मधल्या सुट्टीत एकटेच डबा खात असेल, तर त्याला बोलायचे शिबिर लावण्याआधी, त्याच्याबरोबर डबा खायला कोण बसत नाही आणि का, हे पाहिले पाहिजे. भाषेवरून, जातीवरून, परप्रांतातून आल्यावरून किंवा अंगातील एखाद्या उणिवेवरून दूर ठेवलेल्या मुलाला धीट करून प्रश्न सुटत नाही. तेथे वर्गालाच शिकवावे लागते.

घरातील अंतर

सयाजीरावांची कथा केवळ यशाची नाही. त्यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये, लग्नाला अवघी पाच वर्षे झाली असताना वारल्या. कामाचा ताण, निद्रानाश आणि खालावलेली प्रकृती यांमुळे १८८७ मध्ये त्यांना प्रथम युरोपला जावे लागले. पुढे आयुष्यातील बराच काळ ते परदेशात राहिले. भोवती शेकडो माणसे असताना त्यांना जवळचे मित्र फार थोडे होते.

मुलांच्या बाबतीत तर दुर्दैवच ओढवले. राजपुत्रांना उत्तम शिक्षक मिळाले, ऑक्सफर्ड आणि हार्वर्ड मिळाले. तरीही फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. व्यसनाने या घराला ग्रासले होते. पिता सतत कामात किंवा प्रवासात, मुलांचा दिनक्रम आखीव, नात्यात दरबारी अंतर, असे त्या घराचे चित्र चरित्रकारांनी रेखाटले आहे. सयाजीरावांना बालपणी जी शिस्त मिळाली तीच त्यांनी मुलांना दिली. पण कवळाण्याहून आलेल्या मुलाला शाळेत आपली भावंडे आणि वर्षानुवर्षे न बदलणारा गुरू लाभला होता. दूर देशी पाठवलेल्या राजपुत्रांना ती सोबत मिळाली नाही. वेळापत्रक वारसा म्हणून देता येते. माणसाची सोबत प्रत्येक पिढीला नव्याने द्यावी लागते.

आजच्या वर्गासाठी

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. जुने बडोदा कॉलेज त्यात समाविष्ट झाले. संविधान सभेच्या सदस्य हंसाबेन मेहता विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि त्यांच्याच काळात गृहविज्ञान विद्याशाखा उभी राहिली. मुलांच्या वाढीचा, खेळाचा आणि वर्तनाचा अभ्यास तेथे शिकवला जाऊ लागला. विद्याशाखेच्या बालवाडीत विद्यार्थिनी लहान मुलांचे निरीक्षण करून शिकतात. बारा वर्षांच्या गोपाळसाठी ज्या गोष्टी अंदाजाने झाल्या, त्या आता त्याच्याच नावाच्या विद्यापीठात शास्त्र म्हणून अभ्यासल्या जातात.

आपल्या गोव्यातील वर्गांतही असे गोपाळ आहेत. घरी कोकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, आणि शेजारच्या बाकावर कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूल, ही स्थिती आता सत्तरीपासून काणकोणपर्यंत कोठेही आढळते. नव्या शाळेतील पहिले काही महिने मूल गप्प राहिले तर ते नैसर्गिक आहे. गप्प मुलाला स्नेहसंमेलनात एकदम रंगमंचावर ढकलणे हा उपाय अनेकदा उलटतो. त्यापेक्षा एका समजूतदार सोबत्याशेजारी त्याची जागा करावी. दोघांनी मिळून करायचे काम द्यावे. पाण्याची बादली आणणे, फळा पुसणे, पहिलीतल्या मुलाला पाढा म्हणायला मदत करणे, एवढेही पुरते. दोनांचे चार व्हायला अवधी द्यावा. त्याला काय येते ते शोधून काढावे, मग ते चित्र असो, फुगडी असो, कबड्डी असो वा तबला. आणि ते वर्गासमोर सहज येऊ द्यावे. उत्तर देण्यापूर्वी त्याला विचार करायला चार क्षण द्यावेत. हसणाऱ्यांना थांबवावे.

घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत महिनोन्‌महिने एकही शब्द बोलत नसेल, खाणे किंवा झोप बिघडली असेल, शाळेच्या नावाने पोटात दुखत असेल, तर त्याला हट्टी ठरवू नये. अशा वेळी समुपदेशकाचा किंवा डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा. काही मुले मात्र आयुष्यभर कमीच बोलतात आणि त्यात काही बिघडत नाही. सयाजीराव त्यांपैकीच एक होते. शाळेने त्यांना बोलघेवडे केले नाही. लागेल तेव्हा बोलता यावे, समोरच्याचे ऐकता यावे आणि माणसांत वावरताना जीव घुसमटू नये, एवढे त्यांना मिळाले आणि ते पुरेसे ठरले.

बडोद्याच्या त्या छोट्या शाळेतील पहिल्या वर्षीचा शेरा प्रतिकूल होता. तो वाचून कोणी शिक्षक बदलला असता, भावंडांना परत गावी धाडले असते किंवा मुलालाच नापास ठरवून बाजूला केले असते, तर पुढचे बडोदे घडले नसते. शेरा लिहिल्यानंतर शिकवणाऱ्यांनी आणखी पाच वर्षे धीर धरला. येत्या जूनमध्ये वर्ग भरतील तेव्हा पहिल्या सहामाहीचे प्रगतिपुस्तक लिहिताना हा धीर शिक्षकांच्या हाताशी असावा.